बाळ सुखरूप आहे, आईचं काय?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

28 नोव्हेंबर 1986 रोजी अभिनेत्री स्मिता पाटीलला मुलगा झाला आणि 13 डिसेंबरला ती गेली. वय 31. कारण सांगितलं गेलं ते बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीचं. या तारखा आपल्याला ठाऊक आहेत. दर डिसेंबरात तिच्या तसबिरीला हार घालणारे आपल्या पक्षात असतात तसे समोरच्या बाकांवरही असतात. मला मात्र तिच्या अभिनयाबद्दल काही लिहायचं नाही.

तिच्या बहिणींच्या आठवणींतून भेटते ती दोघींच्या मधली बहीण. पुण्यात सेवा दलाच्या संस्कारात वाढलेली, मुंबई दूरदर्शनवर जीन्सवरच साडी गुंडाळून बातम्या वाचायला बसणारी. घर कसं होतं तेही पाहा. आई विद्याताई परिचारिका. थोरली बहीण अनिता पाटील-देशमुख नवजात बालकांच्या डॉक्टर. वडील शिवाजीराव पाटील या राज्याचे मंत्री राहिलेले, म्हणजे आपण बसता त्याच मंत्रिमंडळात कधीकाळी बसलेले. शहर मुंबई. बाळंतीण वाचायला याहून अधिक काय असावं लागतं, साहेब?

तिच्या उपचारांत काय चुकलं, कोणी चुकलं, की कोणीच नाही, हा निवाडा करण्याचा मला अधिकार नाही. पण एवढं नक्की की मूल वाचलं, आजी-आजोबांकडे वाढलं, आणि आई कशानं गेली याचं लोकांसमोर ठेवलेलं, चार माणसांना काही शिकवून जाईल असं उत्तर या राज्याकडे नाही. आपल्याकडे आहे ती एक गोष्ट. मृत्यूनंतर आपल्याला सवाष्णीसारखं सजवावं, ही तिची इच्छा रंगभूषाकारानं कशी पुरी केली, त्याची. ती महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. बाईच्या शेवटच्या शृंगाराची एवढी चौकशी करणाऱ्या समाजानं तिच्या तापाची, रक्तदाबाची, रक्तस्रावाची चौकशी कधी केली? आणि समाजानं नाही केली, तर ती कोणाची नोकरी आहे?

उत्तरादाखल आपण आकडा पुढे कराल. 2018-20 च्या नमुना नोंदणी पाहणीत देशात लाख जिवंत जन्मांमागे 97 मातामृत्यू होते आणि महाराष्ट्रात 33. केरळात 19. तेव्हाच्या दुसऱ्या क्रमांकाचा अभिमान समजू शकतो. पण सरासरीत मुंबईतलं पंचतारांकित प्रसूतिगृह आणि सातपुड्याच्या कुशीतला पाडा एकाच ओळीत बसतात. स्मिताच्या वडिलांचा शिरपूर तालुका त्याच सातपुड्याला टेकलेला आहे. त्या डोंगरातल्या पावरा बाईला बाळंतपणानंतर दहाव्या दिवशी थंडी वाजून ताप भरला, तर तो मोजायला कोण जातं? ताप मोजल्यावर तिला रुग्णालयात कोण पोचवतं?

गावातली आरोग्य कार्यकर्ती, आशाताई जाते, असं आपण म्हणाल. खरं आहे. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत तिनं सहा वेळा जायचं, आणि सहाही भेटी झाल्या तर 250 रुपये, असं 2011 मध्ये ठरलं. या घरभेटींचं मूळ आपल्याच गडचिरोलीत, डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या कामात आहे, याचा मला मनापासून अभिमान आहे. पण कार्यक्रमाचं नाव घरच्या घरी नवजात बालकाची काळजी. आशाताईच्या पिशवीत बाळाचा वजनकाटा असतो. आईचा रक्तदाब मोजायचं यंत्र असतं का? अर्जावर आईचे रकाने आहेत, हे मान्य. ते विचारून भरले जातात की अंदाजानं, हे आपल्या खात्यानं कधी तपासलं? गावाकडे बाळंतीण सव्वा महिना खोलीत असते. डिंकाचे लाडू, शेक, धुरी, सगळं वेळच्या वेळी होतं, आणि तिला ताप आला तर ‘दूध दाटलं असेल’ म्हणून दोन दिवस जातात. जंतुसंसर्गाला दोन दिवस पुष्कळ झाले.

आता आश्वासनांचं. 2011 च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत प्रसूती, मोफत रक्त, दवाखान्यात नेण्या-आणण्याची मोफत गाडी कबूल केली. 2019 च्या ‘सुमन’ योजनेत तर टाळता येण्याजोगा एकही मातामृत्यू होऊ देणार नाही असं सांगितलं, आणि प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंतची हमी दिली. साध्या बाळंतपणानंतरही किमान 48 तास दवाखान्यात ठेवावं असा दंडक आहे. आपल्या किती ग्रामीण रुग्णालयांत तेवढ्या खाटा मोकळ्या असतात? किती बायकांना दुसऱ्याच सकाळी ‘बाळ छान आहे, घरी जा’ म्हणून सांगतात? बाळ छान आहे. आणि आई?

सगळ्यात जास्त राग मला एका फायलीचा येतो. 2010 पासून प्रत्येक मातामृत्यूचं अन्वेषण व्हावं असा नियम आहे. जिल्हाधिकाऱ्यांपुढे बैठक व्हावी, मृत बाईच्या नातेवाइकांना बोलवावं, असंही त्यात आहे. बैठका होतात? नातेवाइकांना खरंच बोलावतात की त्यांच्या सहीपुरता एक कागद पाठवतात? खासगी रुग्णालयातला मृत्यू या यादीत येतो का? आणि एवढं सगळं होत असेल, तर निष्कर्ष कुठे आहेत? नावं गाळून, वर्षातून एकदा, जिल्हावार छापायला काय हरकत आहे? कुठे रक्तपेढी नव्हती, कुठे रुग्णवाहिका चार तासांनी आली, कुठे भूलतज्ज्ञ रजेवर होता, एवढंच लिहा. कोणाला फाशी द्या असं मी म्हणत नाही.

‘उंबरठा’त स्मितानं साकारलेली सुलभा महाजन आठवते का आपल्याला? महिलाश्रमाच्या संचालक समितीला सरळ प्रश्न विचारणारी, आणि म्हणूनच तिथं नकोशी झालेली? तो चित्रपट करणारे जब्बार पटेल स्वतः दौंडचे बालरोगतज्ज्ञ, हा योगायोगच. पण समित्या अजून तशाच बसतात, हा नाही.

घरात डॉक्टर, परिचारिका आणि माजी मंत्री असलेल्या बाईची ही गत झाली. ज्या घरात यांपैकी कोणीच नाही, तिथल्या बहिणीनं गेलेल्या बहिणीची आठवण सांगायला बसावं कोणापुढे? तिची मुलाखत कोणी घेणार नाही. तिला निदान एक छापील कागद मिळावा, ज्यावर तिची बहीण कशानं गेली आणि पुढच्या बाईसाठी आपण काय बदललं, हे लिहिलेलं असेल.

गेल्या वर्षीच्या मातामृत्यू अन्वेषणाचा जिल्हावार अहवाल आपण येत्या 13 डिसेंबरपूर्वी जाहीर करावा, ही विनंती आहे. उत्तर साध्या टपालानं पाठवलंत तरी चालेल. फक्त त्यात ‘योग्य ती कार्यवाही सुरू आहे’ हे वाक्य नसावं.

आपली,
एक नागरिक