पाण्याखालचा तास

धाकट्याची बारावीची परीक्षा संपली, तरी रात्री उशिरापर्यंत त्याच्या खोलीत निळा उजेड दिसे. मारामारीचाच गेम असणार, असे समजून आम्ही एका रात्री रागाने आत शिरलो. पडद्यावर समुद्राचा तळ होता. प्रवाळ, मोठ्या डोळ्यांचे मासे, बुडबुड्यांचा आवाज. "अब्बू, बसा ना जरा," तो म्हणाला. बसलो, आणि ओरडायचे राहून गेले.

गेमचे नाव 'सबनॉटिका'. तो २०१८ मध्ये पूर्ण स्वरूपात आला. परग्रहावर यान कोसळते, आपण एका छोट्या तरंगत्या डब्यात वाचतो, आणि चहूकडे पाणीच पाणी. मासे पकडून खायचे, पिण्याचे पाणी तयार करायचे, तळाचे खनिज वेचून अवजारे बनवायची. सुरुवातीला दम पुरतो फक्त ४५ सेकंद. खाली जायचे, चार दगड उचलायचे, वर येऊन श्वास घ्यायचा, पुन्हा खाली. बघता बघता आमचाही श्वास त्या लयीत चालू लागला. भूक-तहान वगळून खेळायचीही सोय आहे, पण धाकट्याला ती नको. हाताला काम असले की डोके गप्प बसते, म्हणतो.

जीव घेणारी बंदूक यात नाही. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या सँडी हूक शाळेत चिमुरड्यांवर गोळीबार झाला. त्यानंतर आपल्या गेममध्ये बंदुका नकोत असे ठरवल्याचे दिग्दर्शक चार्ली क्लीव्हलँड यांनी स्वतः सांगितले आहे. मोठा जलचर अंगावर आला की बहुतेक वेळा पळायचेच. (सगळेच शांत आहे असे समजू नका. 'रीपर' ओरडला तेव्हा आमच्या हातातला चहा सांडला.)

वाचकहो, हा गेम घरोघरी आणा असे आम्ही म्हणत नाही. वेळ तर तो खातोच. पण त्या रात्री आम्ही विचारले, "झोप येत नाही का?" पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "निकालाचा विचार आला की इथे येतो." महिनाभर एका छपराखाली राहूनही हे आम्हाला ठाऊक नव्हते. आम्ही त्याला रोज टक्केवारीचा अंदाज विचारत होतो.

आता इशानंतर एकच तास, आणि शेजारी आम्ही, असे ठरले आहे. टक्केवारी काढायची नाही, ही त्याची अट. काल त्याने तळाशी एक खोली बांधली, तिला काचेची मोठी खिडकी बसवली. त्याची अम्मीही येऊन बसली. तिघे बाहेरचे मासे बघत होतो. निकाल पुढच्या आठवड्यात आहे.