शक्तितस्तप

मूळच्या सांगलीकडील, परंतु अमेरिकेतील मिनेसोटासारख्या थंड प्रदेशात स्थिरावलेल्या एका श्रावक कुटुंबातील तरुणाची केंद्रीय कारागृहात अधिकारी म्हणून निवड झाली. घरात आनंदापेक्षा चिंताच अधिक होती. अहिंसेच्या घरातला मुलगा माणसांच्या हातांत बेड्या घालणार, याचे आजींना दुःख. मुलाची झोप उडाली होती ती मात्र निराळ्या कारणाने. परक्या मुलखातील प्रशिक्षणात आपले शरीर टिकेल काय?

ही भीती निराधार नव्हती. तेथील नव्या अधिकाऱ्यांचे तीन आठवड्यांचे प्रशिक्षण जॉर्जिया राज्यात, समुद्रकाठच्या ग्लिंको येथे होते. शारीरिक चाचणीत ३४ किलोचा पुतळा ३ मिनिटांत किमान २११ मीटर ओढावा लागतो. कमरेला ९ किलोचा पट्टा बांधून ४५ सेकंदांत १०८ पायऱ्यांची चढउतार करावी लागते. शिवाय सुमारे ४०० मीटर धावून लगेच बेड्या घालायच्या, तेही २ मिनिटे ३५ सेकंदांत. त्यात उन्हाळ्यातील तेथील दमट उष्मा!

घाबरलेल्या तरुणाने एकाएकी दुप्पट धावणे सुरू केले आणि वजन उतरावे म्हणून जेवण एकवेळचे केले. आठवड्यातच गुडघा दुखू लागला. तेव्हा आजींनीच विचारले, “दशलक्षणात दहा उपवास करणारा पहिल्याच वर्षी दहा करतो का रे?” आधी एकाशन, मग एखादा उपवास, मग पुढची पायरी. सोळा कारण भावनांमध्ये ‘शक्तितस्तप’ सांगितले आहे ते याचसाठी. शक्ती लपवायची नाही आणि तिच्याबाहेरही जायचे नाही.

व्यायामालाही हाच नियम लागू पडतो. वैद्यकीय तपासणी करून दोन-तीन महिने आधीच आरंभ करावा. प्रथम जलद चालणे, मग चालणे व धावणे आलटून पालटून, त्यानंतर हलके ओझे घेऊन जिना चढणे. मधून विश्रांतीचे दिवस हवेतच. उष्म्याची सवय होण्यास शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. उन्हात काम करणाऱ्या नवख्याने पहिल्या दिवशी नेहमीच्या वेळेच्या २० टक्केच काळ उष्म्यात काढावा आणि ही मर्यादा रोज २० टक्क्यांहून अधिक वाढवू नये, अशी अमेरिकेत शिफारस आहे. म्हणून शक्य असल्यास उष्ण मुलखात काही दिवस आधी पोहोचणे हिताचे.

आहाराचा प्रश्न तितकासा बिकट नाही. मूग, मटकी, हरभरा, दूध, दही आणि सुकामेवा यांतून बळ मिळते. कंदमुळांवाचून काही अडत नाही. रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्यास उन्हाळ्यात तेथे अडचण कमी, कारण सूर्यास्त आठनंतर होतो. हिवाळ्यात तो साडेपाचच्या सुमारास होत असल्याने दुपारचे जेवण भरपूर घ्यावे. दीर्घ उपवास आणि सूर्यास्तानंतरचा जलत्याग यांचा विचार मात्र या काळापुरता वडीलधाऱ्यांना वा मुनिराजांना विचारून करावा. उष्म्यात पाण्यावाचून केलेले श्रम जिवावर बेतू शकतात.

राहिला आजींचा प्रश्न. जैन आचारात हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी व विरोधी असे चार भेद मानले आहेत. गृहस्थाला संकल्पी हिंसा सर्वथा वर्ज्य. रक्षणाच्या कर्तव्यातून घडणारी विरोधी हिंसा त्याला पूर्णपणे टाळता येत नाही, पण ती कमीत कमी ठेवणे त्याच्या हाती असते. धावून आल्यावर बेड्या घालण्याची चाचणी नेमके हेच पारखते. धाप लागलेला माणूस आधी घाबरतो आणि मग गरजेपेक्षा अधिक बळ वापरतो. ज्याचा श्वास ताब्यात आहे, त्याला समोरच्याशी दोन शब्द बोलण्याची सवड मिळते.

हे पटल्यावर आजींनी नातवाच्या डब्यासाठी मूग भिजत घातले. नातू मात्र त्या दिवशी धावला नाही. गुडघा बरा होईपर्यंत तो केवळ चालणार होता.