मज्जासंस्थेचा अभ्यास आणि विद्यार्थ्याचा प्रश्न

मेंदूचा अभ्यास हे विद्यार्थ्याचे काम नव्हे, त्यासाठी मोठी यंत्रे व मोठी रुग्णालये लागतात, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. परिणामी विज्ञान-प्रदर्शनात मेंदूची रंगीत प्रतिकृती मांडली जाते, तिच्या भागांची नावे तोंडपाठ म्हणून दाखविली जातात आणि त्यालाच संशोधन-प्रकल्प हे नाव मिळते. प्रतिकृती सुबक असेलही. परंतु पुस्तकात आहे तेच पुन्हा मांडणे म्हणजे संशोधन नव्हे. संशोधनाचा आरंभ प्रश्नापासून होतो, आणि तो प्रश्न निरीक्षणाने वा मोजमापाने सुटण्याजोगा असावा लागतो.

याचे एक बोधप्रद उदाहरण मुंबईतील आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ साली रेणवीय जीवशास्त्राच्या संशोधनास आरंभ केला आणि पुढे ते फळमाशीच्या मज्जासंस्थेकडे वळले. केनियात जन्मलेल्या, गोमंतकीय कुटुंबातील व्हेरोनिका रॉड्रिग्ज त्या वेळी डब्लिन येथे शिकत होत्या. सिद्दिकींचे कार्य वाचून त्यांनी पत्र लिहिले आणि विद्यार्थिनी म्हणून त्या मुंबईस आल्या. माशीला वास कसा कळतो, हा त्यांच्यापुढील एक प्रश्न होता. साधन होते दोन फाटे असलेली नळी. एका फाट्यात वास, दुसऱ्यात नाही. माश्या कोणत्या फाट्यात किती गेल्या, एवढेच मोजावयाचे. ज्या माश्यांना हा भेद कळेना, त्यांच्या वंशाचा अभ्यास करून दोष कोणत्या जनुकांत आहे याचा शोध घेतला गेला. गुरू-शिष्यांचा याविषयीचा निबंध १९७८ साली प्रसिद्ध झाला. मेंदूविषयीच्या गहन प्रश्नाचे दार अशा साध्या मोजणीने किलकिले झाले.

जबलपूरजवळच्या महाराजपुरातील शाळेलाही हा मार्ग मोकळा आहे. तेथे एक फूटपट्टी पुरे. पट्टी अवचित सोडावी व दुसऱ्याने ती चिमटीत पकडावी. ती २० सेंटिमीटर घसरली, तर सुमारे ०.२० सेकंद गेला. १५ सेंटिमीटरला सुमारे ०.१७ सेकंद. डोळ्यांनी पाहून पकडताना वेळ अधिक लागतो, की डोळे मिटून केवळ ‘सोडली’ हा शब्द ऐकून? प्रत्येक रीतीने वीस-वीस वेळा मोजावे. सरावाने हात चपळ होतो, म्हणून दोन्ही रीती आलटून पालटून घ्याव्यात. शब्द आणि पट्टी एकाच क्षणी सुटतात की नाही, ही शंकाही वहीत नोंदवावी. कारण अशी शंका सुचणे हेच अर्धे संशोधन होय.

आकडे विस्कळीत येतील, हा आक्षेप खरा आहे. तथापि आकडे सारखे दिसावेत म्हणून विद्यार्थी ते बदलू लागला, तर त्याने प्रकल्प पुरा केला पण विज्ञान गमावले. पुस्तकाशी जुळणाऱ्या उत्तराला शिक्षक अधिक गुण देतात, तेव्हा या बदलाचे बीज तेच पेरतात. म्हणून गुण द्यावयाचे ते उत्तराला नव्हे, तर प्रश्नाच्या नेमकेपणाला आणि वहीच्या प्रामाणिकपणाला. चुकलेला आकडा न खोडणारी वही हीच विद्यार्थ्याची खरी प्रयोगशाळा होय.