घोड्याला रविवार नसतो

संसारांतील पुष्कळ प्रश्न पैशाचे म्हणून आपल्यापुढें येतात आणि थोडें खोल पाहिलें म्हणजे ते वेळेचे निघतात. असाच एक प्रश्न गतवर्षीं आमच्याच घरांत उभा राहिला. त्याचा निकाल लागतां लागतां आम्हां वडील मंडळींच्याहि कांहीं समजुती दुरुस्त झाल्या, म्हणून तो या महिन्यांत वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमची पुतणी पुण्यांतील एका संगणक-कंपनींत नोकरीस आहे. वय एकतीस, पगार चांगला, आणि घरखर्चांत तिचा वांटा ठरलेला. कॉलेजांत असतांना तिला घोड्यावर बसण्याचा नाद लागला. नोकरी लागल्यावर तो रविवारच्या एका तासापुरता उरला. वैशाखांत एका रात्रीं जेवणें आटोपल्यावर ती म्हणाली, “काका, मी कंपनीला विचारणार आहें. आठवड्याचे चार दिवस काम, त्या मानानें पगार कमी, आणि उरलेले तीन दिवस घोड्यांसाठीं. पुढेंमागें एक घोडा विकतहि घेईन म्हणतें.”

पानें उचलावयाचीं तशींच राहिलीं. तिच्या वडिलांना घराच्या कर्जाचा हप्ता आठवला, आईला तिचें लग्न आठवलें, आणि आम्हांला तिची होऊं घातलेली बढती आठवली. आमच्या मातोश्रींनीं मात्र एवढेंच विचारलें, “अग, पण घोडा दिवसभरांत खातो काय आणि केव्हां?”

प्रश्न भोळा वाटला. परंतु पुढचा सारा विचार त्यांतूनच निघाला.

घोडा गाईसारखा एकदां पोटभर खाऊन रवंथ करीत बसणारा प्राणी नव्हे. त्याचें जठर शरीराच्या मानानें लहान, म्हणजे ८ ते १५ लिटरांचें असतें, आणि अन्न असो वा नसो, त्यांत आम्ल रात्रंदिवस पाझरत असतें. मोकळ्या रानांत तो दिवसाचे १५-१६ तास थोडें थोडें चरत असतो. ४०० किलो वजनाच्या घोड्यास रोज ६ ते ८ किलो कोरडी वैरण व २५ ते ४० लिटर पाणी लागतें. चंदीहि एकदम न देतां वेळा वांटून द्यावी लागते. त्याला ओकतां येत नाहीं, म्हणून पोटशूळ त्याच्या जिवावर बेततो. खूर महिन्याला सुमारें एक सेंटिमीटर वाढतो, तेव्हां दर सहा ते आठ आठवड्यांनीं नालबंद हवाच. लीद काढणें, खरारा करणें, चारहि खूर उचलून साफ करणें आणि रपेट, हें सर्व नीट करावयाचें तर रोजचे अडीच ते तीन तास जातात. आणि हा व्याप एकदोन वर्षांचा नव्हे. घोडा २५-३० वर्षें जगतो.

पुतणीनें लगेच कागद घेऊन हिशेब मांडला. आठवड्याचे तास १६८. झोपेचे ५६, कचेरीचे ४५, जाण्यायेण्याचे १०, स्नान-भोजन व घरकाम यांचे २८. बाकी उरले २९. घोड्याला हवेत सुमारें २०. “म्हणजे नोकरी कमी न करतांहि हिशेब जमतो कीं!” असें ती स्वतःच आश्चर्यानें म्हणाली.

घोडें पेंड खातें तें येथेंच. बेरीज जमते, पण वांटणी जमत नाहीं. नोकरदाराचे हे २९ तास रात्रीं दमून आल्यावरच्या तुकड्यांत आणि रविवारच्या ढिगांत असतात. घोड्याची भूक, त्याचे खूर आणि त्याची चाल यांना मात्र रोजचा थोडा थोडा वेळ हवा असतो. पैसा सांठवून एकदम खर्च करतां येतो. घोड्याला देण्याचा वेळ तसा सांठवतां येत नाहीं.

याची एक जुनी साक्ष पशुवैद्यकांतच आहे. पाश्चात्य देशांत जेव्हां गाड्या ओढण्याचें काम घोडे करीत, तेव्हां रविवारीं त्यांना सुट्टी असे, पण चंदी मात्र कामाच्या दिवसाइतकीच मिळे. सोमवारीं सकाळीं गाडीस जुंपल्याबरोबर अशा घोड्यांचे स्नायू आंखडून लांकडासारखे होत, लघवी काळसर होई आणि कांहीं दगावतहि. या विकाराला तेथें ‘मंडे मॉर्निंग डिसीज’, म्हणजे सोमवार सकाळचा रोग, असें नांवच पडलें. सहा दिवस उभा ठेवून सातव्या दिवशीं भरधांव पिटाळलेल्या घोड्याच्या शरीरावरहि असाच विषम ताण पडतो. म्हणजे रविवारची हौस जशी त्याला मानवत नाहीं, तशीच सलग तीन दिवसांची माया आणि पुढें चार दिवसांचा विसर हेंहि मानवत नाहीं. आमच्या पुतणीचा बेत मनानें चांगला, पण रचनेनें चुकीचा होता.

कोणी म्हणेल, मोतद्दार ठेवावा. अवश्य ठेवावा, पागा त्याच्यावांचून चालत नाहीं. परंतु मोतद्दारालाहि घर आहे, आजारपण आहे, सणवार आहेत. त्याला पोटापुरतें वेतन आणि हक्काची रजा द्यावी लागते. आपल्याला वेळ नाहीं म्हणून दुसऱ्याचा वेळ स्वस्तांत घ्यावयाचा, यांत अश्वप्रेम फारसें नाहीं.

येथें आमच्या पूर्वजांची एक व्यवस्था आठवते. शिवकालीन घोडदळांत दोन प्रकारचे स्वार असत. शिलेदार आपला घोडा व हत्यारें घेऊन चाकरीस येई. बारगिराला घोडा सरकारांतून मिळे. पंचवीस बारगिरांमागें एक पखालजी व एक नालबंद नेमलेला असे. पावसाळ्यांत लष्कर छावणीस परते, आणि त्यापूर्वीं दाणा, वैरण, औषधें व तबेले यांची तजवीज झालेली असे. स्वतःचा घोडा नसतांहि बारगीर होऊन त्या काळीं चाकरी करतां येई. आज मात्र ज्याला त्याला एकदम शिलेदार व्हावयाचें असतें. ज्या नोकरदाराजवळ रोजची सकाळ नाहीं त्यानें घोडा विकत घेणें, म्हणजे एका मुक्या जिवाला आपल्या सोयीच्या वेळापत्रकाला बांधून ठेवणें होय. त्यानें आधीं बारगीर व्हावें, दुसऱ्याच्या घोड्याची सेवा करावी, आणि आपला नाद किती ऋतु टिकतो तें पाहावें.

दुसरा मार्ग पुष्कळांना सुचतो तो असा कीं, घोडा हाच धंदा करावा, म्हणजे वेळ आणि पैसा यांचें भांडणच मिटेल. पण तसें होत नाहीं. माथेरानला खाजगी मोटारींना बंदी असल्यामुळें तेथें घोडा हें अनेक कुटुंबांचें उपजीविकेचें साधन आहे. त्यांचा दिवस घोड्यांत जातो हें खरें, पण तो गिऱ्हाइकाच्या वेळेनें जातो. शिकविणाऱ्याचा वेळ शिकणाऱ्यांकडे जातो. जें प्रेमानें करावयाचें त्यावरच घर चालवावयाचें ठरलें, म्हणजे तें थकलेल्या दिवशींहि करावें लागतें. ज्याची तेवढी तयारी असेल त्यानें तो मार्ग जरूर धरावा. हौसेच्या भरांत धरूं नये.

वनपर्वांतील नलाची कथा वाचकांना ठाऊक आहेच. राज्य गेल्यावर त्यानें बाहुक या नांवानें ऋतुपर्णाच्या पदरीं वेतन घेऊन घोड्यांची चाकरी पत्करली. विदर्भाच्या वाटेवर ऋतुपर्णानें बेहड्याच्या झाडाचीं पानें व फळें क्षणांत मोजून दाखविलीं, आणि पुढें दोघांनीं विद्यांची अदलाबदल केली: एकानें अश्वहृदय दिलें, दुसऱ्यानें अक्षहृदय, म्हणजे फांशांचें व गणनेचें मर्म. घोड्याचें मर्म जाणणाऱ्या नलाला हिशेबाची विद्या हवी होती, आणि ती येईपर्यंत त्याचा कलि सुटला नाहीं, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

म्हणून आम्हीं घरांत तीन वह्या मांडल्या.

पहिली पैशाची. आठवड्याचे ४५ तासांचे ३० झाले तर पगार एक तृतीयांशानें उतरतो. प्राप्तिकरहि उतरत असल्यामुळें हातीं येणारी रक्कम तितकी घटत नाहीं, हा दिलासा. पण भविष्यनिर्वाह निधींत मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या शेकडा १२ रक्कम जाते आणि मालकहि तितकीच घालतो. पगार उतरला कीं हेंहि उतरतें, आणि तरुण वयांत न पडलेल्या रुपयाची उणीव म्हातारपणीं कितीतरी पटींनीं भासते. ग्रॅच्युइटीहि अखेरच्या वेतनावरच मोजली जाते. पुतणीनें हें सर्व वाचलें, कर्जाच्या हप्त्यांतील आपला वांटा तसाच ठेवला, आणि कपडे, प्रवास व बाहेरचें खाणें यांवर काट मारली. ‘पुरेसें’ किती, हा आंकडा तिनें आयुष्यांत प्रथमच कागदावर लिहिला.

दुसरी वही वेळेची. तीन सलग दिवसांचा बेत सोडून तिनें कंपनीकडे रोजची सकाळ मागितली: साडेदहा ते पांच, मधली अर्ध्या तासाची सुट्टी वजा, आठवड्याचे पांच दिवस. मालक असें कधीं ऐकतात काय, असें आम्हांला वाटलें होतें. परंतु कामाचे तास ही कांहीं दगडावरची रेघ नव्हे. ब्रिटनमध्यें २०२२ च्या जून ते डिसेंबर या काळांत ६१ कंपन्यांनीं सुमारें २,९०० नोकरांचे तास पगार न कापतां कमी करून पाहिले, आणि त्यांपैकीं ५६ कंपन्यांनीं तो प्रयोग पुढें चालू ठेविला. त्या कंपन्या आपण होऊन पुढें आल्या होत्या, तेव्हां सर्वत्र तसेंच होईल असें नाहीं; पण विचारण्यांत गैर कांहीं नाहीं, एवढें यावरून ठरतें.

तिसरी वही खांद्यांची, आणि ती मांडली मातोश्रींनीं. त्यांचें सकाळचें औषध व चहा पुतणी पाहत असे. घरांतल्या चौघांचे डबे ती आणि तिची वहिनी मिळून करीत. वहिनी शाळेंत शिक्षिका आहे. पुतणी सहाला घराबाहेर पडली कीं हें सारें तिच्यावर येणार हें उघड होतें. पण ती एक शब्द बोलली नाहीं. तेव्हां मातोश्री म्हणाल्या, “ती बोलली नाहीं म्हणजे तिची संमति आहे, असें कोणी धरूं नका. एकीच्या घोड्याची चंदी दुसरीच्या झोपेंतून जाणार असेल, तर ती आधीं वहींत लिहा.”

आमच्या एकत्र कुटुंबांत एकाचा मोकळा वेळ हा बहुधा दुसऱ्याचे न मोजलेले श्रम असतो. आम्हां पुरुषांची वाचनें, बैठकी आणि व्याख्यानें अशाच उधारीवर वर्षानुवर्षें चाललीं, हें त्या रात्रीं आम्हांला मान खालीं घालून कबूल करावें लागलें. अखेर सकाळचा चहा, औषध आणि डबे आमच्या पुतण्यानें अंगावर घेतले, आणि संध्याकाळचा स्वयंपाक सर्वस्वीं पुतणीकडे आला.

मुदत ठरली चातुर्मासाची. चिखल, ओल, माशा आणि सडूं पाहणारे खूर यांचा हा काळ. पावसाळ्यांत ज्याला घोडा आवडतो त्यालाच तो खरोखर आवडतो. शहराबाहेर एका वृद्ध गृहस्थांची म्हातारी, शांत घोडी होती; तिची सकाळची सेवा पुतणीनें पत्करली. बसणें थोडें आणि खरारा फार. श्रावणांत एके सकाळीं तिला दिसलें कीं रात्रीची वैरण उरली आहे, लीद नेहमींपेक्षां कमी आहे, आणि घोडी वळून वळून आपल्या कुशीकडे पाहत आहे. तिनें चंदी थांबविली आणि लगेच पशुवैद्यांस बोलाविलें. पोटशूळाची ती सुरुवात होती. वेळीं उपचार मिळाल्यानें घोडी वांचली. ‘नेहमींपेक्षां कमी’ हें ज्याला कळलें, त्याला नेहमींचें ठाऊक होतें. तें रविवारच्या स्वाराला कळलें नसतें.

कार्तिकी एकादशी होऊन गेली, तरी नेम चालूच आहे. सर्व गोड झालें असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. तिची बढती दुसऱ्यास मिळाली, आणि त्याचें तिला वाईट वाटलें. तिनें घोडा अद्याप घेतलेला नाहीं. “मी अजून बारगीरच बरी,” असें म्हणते. वहिनी मात्र सकाळीं अर्धा तास अधिक झोपते, हें आम्हीं पाहिलें आहे.

आमच्या वाचकांच्या घरीं घोडा नसेल. कोणाचें गाणें असेल, कोणाचा मळा, कोणाचें संशोधन. नोकरी सांभाळून त्याला वेळ काढूं पाहणाऱ्या मुलाला किंवा सुनेला एकदम ‘नाहीं’ म्हणूं नये, आणि विचार न करतां ‘हो’हि म्हणूं नये. तीन वह्या मांडाव्यात, आणि तिसरी आधीं उघडावी.