हाडांची तपासणी, फरशीला माफी

२० ऑक्टोबरचा ऑस्टिओपोरोसिस दिन जवळ आला की सोसायट्यांच्या नोटीस बोर्डांवर ‘मोफत हाड तपासणी शिबिरा’चे कागद लागतात, तसे या आठवड्यातही लागले. टाच यंत्रात ठेवायची, आकडा ऐकून घाबरायचे, कॅल्शियमची चिठ्ठी घ्यायची आणि पुढच्याला खुर्ची द्यायची. टाचेच्या यंत्रावर पक्के निदान होत नाही, त्यासाठी खुब्याचा आणि कण्याचा डेक्सा स्कॅन लागतो, हे शिबिर भरवणाऱ्यांनाही ठाऊक असते. पण ते एक वेळ सोडून देऊ. माझी तक्रार वेगळी आहे. उतारवयात खुबा मोडतो तो बहुतेक वेळा माणूस पडतो म्हणून. आपण चौकशी करतो ती फक्त हाडाची. माणूस कुठे पडला, कशावरून घसरला, काय धरायला गेला आणि हाती काय आले, हे कोणी विचारत नाही.

दोन प्रयोग शेजारी ठेवून पाहा. पहिला अमेरिकेतला, ‘व्हायटल’ नावाचा. पन्नाशीपुढचे पुरुष आणि पंचावन्नपुढच्या स्त्रिया मिळून २५,८७१ माणसे. निम्म्यांना रोज २,००० युनिट ड जीवनसत्त्व, उरलेल्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. पाच वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा झाला आणि २०२२ साली निकाल आला, की हाडे मोडण्याचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखेच. दुसरा प्रयोग न्यूझीलंडच्या तारानाकी भागातला, ‘लॅन्सेट’मध्ये २०१५ साली आलेला. तिथे औषध दिले ते घरांना. ८४२ घरांपैकी साधारण निम्म्या घरांत चिठ्ठ्या टाकून मिस्त्री पाठवला. त्याने पायऱ्यांना कठडे बसवले, न्हाणीघरात धरायला दांडे लावले, अंगणात दिव्याची सोय केली, पायऱ्यांच्या कडा नीट केल्या, निसरड्या जागी पाय रोवेल असा थर दिला. बाकीच्यांना सांगितले, तुमची पाळी तीन वर्षांनी. मिस्त्री जाऊन आलेल्या घरांत पडून होणाऱ्या दुखापतींचे वार्षिक प्रमाण २६ टक्क्यांनी कमी भरले. गोळी रोज आठवणीने घ्यावी लागते. दांडा रात्री दोन वाजताही भिंतीवर असतो. तरी आपल्याकडे गोळीला जाहिरात आहे, प्रतिनिधी आहे, शिबिर आहे. दांड्याला कोणी वाली नाही, कारण तो दर महिन्याला नव्याने विकता येत नाही.

यावर डॉक्टर मंडळी म्हणतील, त्या अमेरिकनांना ड जीवनसत्त्वाची कमतरता होती म्हणून निवडले नव्हते. आपल्याकडे ऊन भरपूर असूनही ती सर्रास आढळते. मान्य. ज्याला कमतरता आहे त्याने ती भरून काढावी. ज्याचे हाड खरोखर ठिसूळ झाले आहे त्याने अलेन्ड्रोनेटसारखे औषध डॉक्टरांना न विचारता सोडू नये, त्याने हाडे मोडणे कमी होते. पण जास्त म्हणजे चांगले, हा समज घातक आहे. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या स्त्रियांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट दिले, तेव्हा पडणे १५ टक्क्यांनी आणि हाडे मोडणे २६ टक्क्यांनी वाढले. हा निकाल २०१० सालचा. साठ हजारांची पुडी आठ आठवडे घ्यायला सांगितली असताना वर्षानुवर्षे चालू ठेवणाऱ्यांची मात्रा वेगळी असेल, हिंमत तीच आहे. दुसरा आक्षेप असा, की न्यूझीलंडच्या आकड्यांत सर्व वयांची माणसे होती. मग फक्त वृद्धांचे पाहा. घरातले धोके काढून टाकण्याबद्दलच्या अभ्यासांचा कॉक्रेन आढावा २०२३ साली आला. पडण्याचे प्रमाण एकंदरीत २६ टक्क्यांनी घटले आणि ज्यांना धोका अधिक, म्हणजे वर्षभरात पडलेले किंवा नुकतेच इस्पितळातून घरी आलेले, त्यांच्यात ३८ टक्क्यांनी.

त्यांची लाकडी घरे कुठे आणि आपले टू बीएचके कुठे, असेही कोणी म्हणेल. पण आपला कारभार त्यांच्याहून निसरडा आहे. आपल्याकडे बादली-मगाने आंघोळ झाली की अख्खी न्हाणी ओली, साबणाचे पाणी दारापर्यंत, दारात पाय अडखळवणारी पट्टी आणि पलीकडे सरकणारे पायपुसणे. तोल गेला की हात जातो टॉवेलच्या रॉडकडे. तो चार स्क्रूंवर पंचा पेलायला लावलेला असतो. माणसाचा भार पडला की प्लास्टरसकट हातात येतो. बिल्डरच्या आरसा-फरशीवर मी या स्तंभात इतक्यांदा घसरलो आहे की वाचक आता सावध झाले असतील. तरी पुन्हा सांगतो, सॅम्पल फ्लॅटमध्ये झुंबराचे प्रतिबिंब दिसावे म्हणून निवडलेली फरशी ओल्या पायांच्या विचाराने निवडलेली नसते. या चकचकाटाने किती खुबे मोडले याची नोंद कोणी ठेवत नाही. ठेवली तर ब्रोशर छापणे अवघड होईल.

शेवटचा आक्षेप खुद्द ज्येष्ठांचा: दांडे लावायला मी काय म्हातारा झालो? म्हणूनच ही सोय एकट्या आजोबांसाठी नको, बांधतानाच सगळ्यांसाठी हवी. तोल सांभाळण्याचा व्यायाम त्यांनी करावाच. १०८ प्रयोगांच्या २०१९ मधल्या आढाव्यात व्यायामाने पडणे २३ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. पण तोल सावरणे ही त्यांची जबाबदारी असली तरी फरशी निवडणे ही इतरांची आहे. पुण्या-मुंबईत पुनर्विकासाच्या वाटाघाटींत कार्पेट एरिया, कॉर्पस आणि भाडे यांवर महिनोन्‌महिने खल होतो. तिशीत घर घेतलेले सभासद आता सत्तरीत आहेत. करारात एक कलम घाला: न्हाणीत खरबरीत फरशी, दारात पट्टी नाही, कमोडशेजारी आणि नळाजवळ पक्क्या भिंतीत बसवलेला, माणसाचा भार पेलणारा दांडा. एवढे जमले नाही, तर भांडून मिळवलेली वाढीव जागा वॉकर फिरवायला उपयोगी पडेल.