मिर्झापूरचे घड्याळ, मुलुंडची सकाळ

जानेवारीच्या मध्यात मुंबईत सूर्य उगवतो तो सव्वासातच्या सुमाराला. तेव्हा आसामातल्या दिब्रुगडला उजाडून तास उलटलेला असतो. उलट डिसेंबरात तिथे साडेचारच्या आतच मावळते आणि मुंबईला सहापर्यंत ऊन पुरते. घड्याळे मात्र दोन्हीकडे एकच वेळ दाखवतात. भारतीय प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशाची. अंशाला चार मिनिटे धरली तर मुंबईचा सूर्य घड्याळाच्या ३९ मिनिटे मागे चालतो, दिब्रुगडचा जवळपास ५० मिनिटे पुढे. १९०६ मध्ये ही वेळ आली तेव्हा मुंबईने ती निमूट घेतली नव्हती; 'मुंबई टाइम' स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे तग धरून होता. आज त्यासाठी भांडण्यात अर्थ नाही. कोणते काम कितीच्या ठोक्याला लावायचे, हे तरी आपल्या हाती आहे.

आसामच्या चहामळ्यांनी ते केले. घड्याळ तासभर पुढे घेऊन त्यांनी 'बागान टाइम' चालवला आणि उजेड कामाला लावला. आपण नेमके उलटे करतो. सूर्य उशिरा येतो आणि शाळा सातला भरते. सूर्याच्या हिशेबाने ती घंटा सहा वाजून एकवीस मिनिटांची. मुलुंड-घाटकोपरपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंत थंडीत मुले रिक्षात आणि स्कूलबसमध्ये चढतात ती अंधारातच. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असे फर्मावले, कारण मुलांची झोप. मग चौथीनंतर झोप लागत नाही की काय? उलट किशोरवयात झोपेची वेळ निसर्गतःच पुढे सरकते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी नकोत, असे सांगितले ते याच कारणाने.

शाळाचालकांची अडचण खोटी नाही. उपनगरात जागा नाही. एकाच इमारतीत सकाळचे आणि दुपारचे, अशी दोन सत्रे बसवावी लागतात. सकाळचे सत्र पुढे ढकलले की दुपारचे लांबते आणि बस गर्दीत अडकते. पण नऊचा आग्रह कशाला? पावणेआठला सुरुवात केली तर दुपारचे सत्र सव्वासहाच्या आसपास सुटेल. दिब्रुगडला हे जमणार नाही, मुंबईला जमेल, कारण सकाळी उशिरा येणारा सूर्य संध्याकाळी ती भरपाई करतो. डिसेंबरात घरी पोचेपर्यंत अंधारेल, हे मान्य. पण त्या वेळी रस्ते माणसांनी भरलेले असतात आणि त्यापायी कोणाची झोप मोडत नाही. गर्दीवरचा उपाय शाळांनीच का शोधावा? मध्य रेल्वेने २०२३ मध्ये मुख्यालयातील कर्मचाऱ्यांच्या वेळा विभागल्या आणि इतर कार्यालयांनाही तसे सुचवले.

देशात दोन प्रमाणवेळा आणा, असे काहींना वाटते. राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वैज्ञानिकांनी २०१८ मध्ये तसा प्रस्तावही मांडला. पण त्यांची सीमारेषा ८९ अंश ५२ मिनिटांवर, आसामच्या उंबरठ्याशी. महाराष्ट्र होता तिथेच राहतो. तेव्हा दिल्लीकडे पाहण्यात हशील नाही. आपल्याच राज्यात उन्हाळा लागला की गावोगावच्या शाळा सकाळच्या होतात आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. उन्हासाठी जे वेळापत्रक बदलते ते अंधारासाठी, निदान नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पाऊण तास सरकवायला काय हरकत आहे?