नागरिकत्व नेमके कोणत्या तारखेला संपते?

अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसाचे कागद बऱ्यापैकी सरळ असतात. शपथविधीची तारीख त्याच्या प्रमाणपत्रावर छापलेली असते. त्या दिवशी भारतीय नागरिकत्व संपले, हे त्यालाही ठाऊक असते आणि भारतीय वकिलातीलाही. तो भारतीय पासपोर्ट परत करतो, परत केल्याचा दाखला घेतो आणि त्या दाखल्याच्या आधारे ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डासाठी अर्ज करतो. पोर्तुगीज नागरिकत्व घेणाऱ्या गोवेकराच्या कागदांत मात्र अशी एक तारीख सापडत नाही. लिस्बनच्या निबंधकाकडे जन्माची नोंद झाली तो दिवस धरायचा, पोर्तुगीज ओळखपत्र मिळाले तो, की पोर्तुगीज पासपोर्ट निघाला तो? या प्रश्नाला आपल्या कायद्याने नेमके उत्तर दिलेले नाही. त्या संदिग्धतेचा भुर्दंड आज सामान्य माणूस भरतो आहे. पोर्तुगीज पासपोर्ट घेणे योग्य की अयोग्य, यावर गोव्यात दोन तट आहेत आणि ते राहतील. पण त्या वादात न पडताही एक गोष्ट म्हणता येते : नागरिकत्व कधी संपते हे आधी सांगायचे नाही आणि नंतर ‘तुम्ही माहिती दडवलीत’ असा ठपका ठेवायचा, हे कायद्याच्या राज्याला शोभत नाही.

हा गुंता इतिहासातून आला आहे. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला. मार्च 1962 मध्ये केंद्राने गोवा, दमण आणि दीव नागरिकत्व आदेश काढला. 20 डिसेंबर 1961 पूर्वी जी व्यक्ती, किंवा जिचे आईवडील वा आजी-आजोबा या प्रदेशात जन्मले होते, ती भारताची नागरिक झाली असे या आदेशाने ठरवले. जुने नागरिकत्व राखायचे असेल तर तसे लेखी कळवायला मुदत होती अवघा एक महिना. भारताच्या बाजूने प्रश्न तेथे मिटला. पोर्तुगालच्या बाजूने तो मिटला नाही, कारण हुकूमशहा सालाझारच्या राजवटीला गोव्याचे विलीनीकरणच मान्य नव्हते. एप्रिल 1974 मध्ये लिस्बनमधील हुकूमशाही कोसळली आणि त्याच वर्षाच्या 31 डिसेंबरला परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण व पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री मारिओ सुआरिश यांनी दिल्लीत करार केला. पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले, पण पोर्तुगीज अमलाखाली जन्मलेल्या गोवेकरांसाठी आपल्या नागरिकत्वाचे दार बंद केले नाही. 1981 च्या पोर्तुगीज राष्ट्रीयत्व कायद्यानुसार पोर्तुगीज नागरिकाच्या मुलालाही नागरिकत्व मिळते. त्यामुळे आजोबांची नोंद लिस्बनला पोहोचली की वडिलांची आणि मग नातवाची वाट मोकळी होते. भारताला दुहेरी नागरिकत्व अमान्य, पोर्तुगालला मान्य. या दोन भूमिकांच्या मधल्या फटीत गोवेकर उभा आहे.

ही नोंद म्हणजे काय, हे पाहिल्याशिवाय वाद कळत नाही. परदेशी नागरिकत्व म्हटले की डोळ्यांसमोर येते ते त्या देशातले वास्तव्य, परीक्षा आणि निष्ठेची शपथ. येथे यातले काहीच लागत नाही. मुक्तीपूर्वी जन्मलेल्या माणसाची मूळ जन्मनोंद गोव्याच्याच नागरी निबंधकाच्या दप्तरात पोर्तुगीज भाषेत असते. तिची शब्दशः नक्कल काढायची (गोव्यात तिला ‘तेओर’ म्हणतात), आईवडिलांच्या विवाहाची नोंद जोडायची, कागद प्रमाणित करून घ्यायचे आणि ते लिस्बनच्या केंद्रीय निबंधक कार्यालयाकडे पाठवायचे. खरा घाम निघतो तो नावांच्या बाबतीत. जुन्या नोंदींत हिंदू आडनावेही पोर्तुगीज वळणाने लिहिलेली आहेत. नाईकांच्या स्पेलिंगमध्ये ‘के’च्या जागी ‘क्यू’ येतो, शेणवी ‘सिनाय’ होतात आणि प्रभू ‘पोरोब’. त्याच माणसाच्या शाळेच्या दाखल्यावर, मतदार ओळखपत्रावर आणि आधार कार्डावर मात्र इंग्रजी वळणाचे नाव असते. दोन्ही नावांचा माणूस एकच, हे सिद्ध करण्यासाठी प्रतिज्ञापत्रे होतात, दुरुस्त्या होतात, महिने जातात. लिस्बनमध्ये नोंद झाली तरी माणूस मडगावातच असतो, त्याच घरात राहतो, तेथेच मतदान करतो. पुढे कित्येक वर्षे पोर्तुगीज ओळखपत्र वा पासपोर्ट न काढणारेही असतात.

आता दोन्ही देशांचे कायदे शेजारी ठेवून पाहा. पोर्तुगीज कायद्यानुसार पोर्तुगीज पालकाच्या अपत्याला अशा नोंदीने मिळणारे राष्ट्रीयत्व जन्मापासून लागू होते. म्हणजे पन्नाशीत नोंद करणारा माणूस त्यांच्या लेखी पन्नास वर्षे पोर्तुगीजच होता. भारताच्या 1955 च्या नागरिकत्व कायद्याचे कलम 9 सांगते की, जो भारतीय स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व मिळवतो, त्याचे भारतीय नागरिकत्व संपते. नियमांच्या तिसऱ्या परिशिष्टानुसार परदेशी पासपोर्ट मिळवणे हा असे नागरिकत्व घेतल्याचा निर्णायक पुरावा आहे. त्यातील शब्दयोजना बारकाईने वाचली पाहिजे. पासपोर्टाच्या तारखेला नव्हे, तर त्या तारखेपूर्वी नागरिकत्व घेतले, असे नियम मानतो. किती पूर्वी? एक दिवस, की पंधरा वर्षे? शपथ घेऊन नागरिक झालेल्याच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवत नाही, कारण प्रमाणपत्रावर तारीख असते. गोवेकराच्या बाबतीत लिस्बनमधील नोंदीची तारीख पकडली, तर त्यानंतर त्याने केलेला प्रत्येक प्रवास, प्रत्येक मतदान आणि पासपोर्टाचे प्रत्येक नूतनीकरण बेकायदा ठरू शकते. मुक्तीपूर्वी जन्मलेल्याचा प्रश्न तर आणखी अवघड. तो जन्मतःच पोर्तुगीज होता, मग जन्मनोंद दुसऱ्या दप्तरात उतरवून घेण्याला ‘स्वेच्छेने मिळवणे’ म्हणायचे का? याच प्रश्नावरून गोव्यातील काही लोकप्रतिनिधींच्या नागरिकत्वालाही आव्हान दिले गेले आहे. वर्षानुवर्षे चाललेल्या अशा वादांवरून एवढे तरी दिसते की ही शंका अडाण्याची नाही. कायद्याच्या जाणकारांनाही तिचे एकमुखी उत्तर देता आलेले नाही.

असे असताना केंद्राच्या नोव्हेंबर 2022 च्या ज्ञापनानंतर पासपोर्ट परत करायला येणाऱ्या गोवेकरांचे पासपोर्ट परत घेण्याऐवजी रद्द होऊ लागले. पासपोर्ट कायद्यात माहिती दडवून मिळवलेला पासपोर्ट रद्द करण्याची तरतूद आहे, तिचा आधार त्यासाठी घेतला गेला. वरवर हा दप्तरातील एका शब्दाचा फरक. परिणाम मात्र फार मोठा. ओसीआयच्या अर्जाला पासपोर्ट परत केल्याचा दाखला लागतो, आणि रद्द झालेल्या पासपोर्टावर तो मिळत नाही. ओसीआय नसेल तर हा माणूस भारतात केवळ परदेशी नागरिक. आईवडिलांच्या आजारपणात राहायचे तर व्हिसाची मुदत मोजायची, घराच्या व्यवहारात परकीयांचे निर्बंध सोसायचे. लंडनमधील साउथॉल असो की स्विंडन, पोर्तुगीज पासपोर्टावर ब्रिटनमध्ये गेलेले हजारो गोवेकर कारखान्यांत, गोदामांत आणि विमानतळांवर राबतात आणि पैसे घरी पाठवतात. दीवच्या लोकांचे लेस्टरशी असेच नाते आहे. एप्रिल 2024 मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने दुसरे ज्ञापन काढून रद्द झाल्याचे प्रमाणपत्रही ओसीआयसाठी ग्राह्य धरण्याचा मार्ग पुढे केला. हेतू चांगला होता, तरी उपाय अपुराच. त्याने ‘माहिती दडवली’ हा ठपका पुसला जात नाही आणि मूळ तारखेचा प्रश्नही सुटत नाही. शिवाय एका ज्ञापनाने दिलेली सवलत दुसऱ्या ज्ञापनाने काढून घेता येते. लोकांचे नागरिकत्व अशा कागदावर टांगून ठेवता येत नाही.

संसदेला गोव्याचे हे वेगळेपण कधी कळलेच नाही, असेही नाही. नागरिकत्व कायद्याचे कलम 7ए ओसीआयसाठी कोण पात्र आहे ते सांगते. त्यात 15 ऑगस्ट 1947 नंतर जो प्रदेश भारतात आला, त्या प्रदेशाचे पण आता दुसऱ्या देशाचे नागरिक असलेले लोक, असा स्वतंत्र उल्लेख आहे. गोवा, दमण, दीव आणि पुद्दुचेरी या वर्णनात चपखल बसतात. म्हणजे येथील माणूस परदेशी नागरिक झाला तरी त्याचे या भूमीशी नाते तुटू नये, ही संसदेची इच्छा कायद्यात लिहिलेली आहे. कार्यालयीन व्यवहाराने त्या इच्छेला बगल देणे योग्य नाही. पुद्दुचेरीचे उदाहरण येथे बोलके आहे. फ्रान्सशी 1956 मध्ये झालेला हस्तांतरणाचा करार 1962 मध्ये अमलात आला, आणि कोणते नागरिकत्व राखायचे हे निवडण्यासाठी लोकांना सहा महिन्यांची मुदत मिळाली. ज्यांनी फ्रेंच नागरिकत्व राखले त्यांचे वंशज आजही तेथे फ्रेंच नागरिक म्हणून उघडपणे राहतात, फ्रान्सच्या निवडणुकांत मतदान करतात. त्याने भारताच्या सार्वभौमत्वाला धक्का लागला नाही, कारण कोण कोणत्या देशाचा आणि कधीपासून, हे दोन्ही सरकारांना ठाऊक होते. गोव्यात युद्धस्थितीमुळे असा करार होऊ शकला नाही, हे खरे. पण जे तेव्हा राहून गेले त्याची भरपाई आजचे नियम करू शकतात.

यावर पहिला आक्षेप भावनेचा आहे आणि तो हलका नाही. 18 जून 1946 रोजी मडगावात राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली. त्यानंतर गोव्यातल्या आणि महाराष्ट्रातल्या कित्येक सत्याग्रहींनी तुरुंगवास भोगला, काहींनी सीमेवर गोळ्या झेलल्या. ज्या सत्तेविरुद्ध हे सारे घडले तिचाच पासपोर्ट हौसेने मिरवायचा काय, असा सवाल स्वातंत्र्यसैनिकांच्या घरातून आला तर तो समजू शकतो. पण आजचा पोर्तुगाल ही सालाझारची राजवट नाही. ती राजवट पोर्तुगीजांनीच उलथवली. दुसरे असे की, मराठी माणूस अमेरिकेचा नागरिक झाला तर आपण त्याचा सत्कार करतो. तो तर शपथ घेऊन आधीच्या देशाशी असलेली निष्ठा सोडून देतो. रोजगारासाठी कागद काढणाऱ्या गोव्यातील सासष्टीतल्या माणसाकडून वेगळ्या निष्ठेची अपेक्षा कशी करायची? आणि कोणाला ही निवड मनापासून खटकत असली तरी त्याचे उत्तर टीका हे आहे. खटकणाऱ्या निवडीला फसवणुकीचे कलम लावणे हे उत्तर नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक. पोर्तुगीज पासपोर्ट खिशात ठेवून भारतीय पासपोर्टही वापरणारे, मतदार यादीतले नाव कायम ठेवणारे, बनावट जन्मदाखले करणारे लोक आहेत. मवाळपणा दाखवला तर त्यांचे फावेल, असे म्हटले जाते. कायदा माहीत नव्हता ही सबब चालत नाही, हेही तत्त्व सांगितले जाते. तत्त्व बिनचूक आहे, पण ते लागू होण्यासाठी कायदा स्पष्ट असावा लागतो. बनावट दाखला करणाऱ्यावर फौजदारी कारवाई व्हावी, दोन पासपोर्ट वापरणाऱ्याला दंड व्हावा, याबद्दल दुमत नाही. उलट, तारीख निश्चित झाली तर त्यांनाच पकडणे सोपे जाईल. आज काय होते? जो गुपचूप दोन्ही पासपोर्ट बाळगतो तो सहसा सुटतो, आणि जो आपण होऊन पासपोर्ट परत करायला खिडकीपाशी येतो तो नेमका अडकतो. प्रामाणिकपणाला शिक्षा आणि लपवाछपवीला अभय अशी व्यवस्था असेल, तर लोक कोणता धडा घेतील हे सांगायला नको.

तेव्हा करायचे काय? नागरिकत्व नियमांत एक दुरुस्ती पुरेशी आहे. परदेशातील जन्मनोंदीतून येणारे नागरिकत्व, त्या देशाचे पहिले ओळखपत्र किंवा पासपोर्ट मिळण्याच्या तारखेला स्वीकारले असे समजावे. केवळ जन्मनोंदीने भारतीय नागरिकत्व संपणार नाही, हे स्पष्ट लिहावे. त्या तारखेपासून ठरावीक मुदतीत भारतीय पासपोर्ट परत करणाऱ्याला परत केल्याचाच दाखला मिळावा. मुदत चुकवणाऱ्याला दंड करावा, पण त्याने खोटी माहिती दिल्याचे सिद्ध झाल्याशिवाय पासपोर्ट रद्द करू नये. दाखला देतानाच मतदार यादीतून नाव वगळण्याची कारवाई सुरू व्हावी, म्हणजे दुहेरी लाभाचा आक्षेपही राहणार नाही. 2022 नंतर केवळ नोंदीच्या तारखेवरून रद्द केलेल्या पासपोर्टांचा एकदा फेरविचार व्हावा. गोव्यासाठी वेगळा कायदा कशाला, असे कोणी विचारील. वेगळा कायदा नकोच. वंशावरून जन्मनोंद करून घेणारे देश आणखीही आहेत, आणि हा नियम त्या सर्वांना सारखाच लागू पडेल. या दुरुस्तीने दुहेरी नागरिकत्व येत नाही, कोणाला सवलत मिळत नाही, तिजोरीवर भार पडत नाही. केंद्राला फक्त एक तारीख ठरवायची आहे, आणि ती संदिग्ध ठेवून देशाच्या सुरक्षेत कोणती भर पडते, याचा खुलासा ज्यांना ही दुरुस्ती नको आहे त्यांनी करायला हवा.